डोळे दिपू नयेत म्हणून

"काका, हात काढा ना मधून. दिवा बघताय की हात?"

"हातच बघतोय," फोटोवाला म्हणाला.

दुकानदाराने काउंटरवर दिव्यांची पंगत मांडली होती. कुणी पुस्तकाएवढा, कुणी साबणाच्या वडीएवढा, कुणी लांबट, काठीसारखा. फोटोवाला प्रत्येकापुढे आपला हात धरायचा. पालथा, मग उताणा, मग पुन्हा पालथा. जणू हातच विकायचा होता आणि तो कुठल्या उजेडात बरा दिसतो ते पाहायचे होते.

"हा नको. यात माणूस दोन दिवस विहिरीत पडल्यासारखा दिसतो."

दुकानदाराने वाकून पाहिले. हात खरेच हिरवट दिसत होता. "नजर आहे तुमची," तो म्हणाला. "पण खरं सांगू का? हे सगळे व्हिडिओवाल्यांचे दिवे. तुम्हाला काढायचाय पासपोर्टचा फोटो. त्याला फ्लॅश बरा. खटका दाबला, लख्ख झालं, संपलं."

"फ्लॅश आहे की. उभं आयुष्य त्याच्यावरच काढलं."

"मग?"

"मग डोळा मिटतो."

दुकानदाराने हातातला दिवा खाली ठेवला. गिऱ्हाईक बोलायला लागले की मध्ये बोलू नये, एवढे त्याला धंद्याने शिकवले होते.

"एक बाई आहेत," फोटोवाला सांगू लागला. "अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. डावी पापणी अर्धी खाली उतरलीय. लख्ख झालं की ती पूर्ण मिटते आणि मग कितीतरी वेळ उघडत नाही. पाणी गळत राहतं. आणि फोटोला दोन्ही डोळे उघडे पाहिजेत. तोंडावर सावली नको, मागे सावली नको, हसू नको. परदेशी जायचंय त्यांना, लेकीकडे."

"अस्सं." दुकानदाराने दोन दिवे मागे सारले आणि एक पुढे घेतला. "मग हा बघा. स्वस्तातले दिवे डोळ्याला शांत दिसतात, पण आतून लुकलुकत असतात. आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोत काळे पट्टे येतात. हा नाही लुकलुकत. फक्त फ्लॅशएवढा जोर यात नाही, तेव्हा दिवा जवळ न्या. अगदी जवळ. पुढे हे कापड लावा. लांबचा दिवा तोंडावर काठी मारल्यासारखा पडतो. जवळचा, कापडातला दिवा हात फिरवल्यासारखा पडतो."

"आणि हे चाक? एकदम भडकत नाही ना?"

"छे. काजव्यापासून सुरू होतं. तिथून तुमच्या मर्जीनं."

फोटोवाल्याने चाक फिरवले. दिव्यात काजवा आला, पणती आली, खिडकी आली. त्याने पुन्हा मागे फिरवत काजव्यावर आणले.

"हाच द्या. आणि मागच्या पडद्यासाठी तो साबणाच्या वडीएवढा."

*

बाई टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होत्या. यंत्रे हाताने जोडावी लागत त्या काळात गावातल्या प्रत्येकाच्या कानात त्यांचा आवाज होता. चेहरा कुणी पाहिला नव्हता. फोटोवाल्याचा स्टुडिओ चालत होता तेव्हा तोही यंत्र उचलून नंबर सांगायचा, आणि पलीकडून तो आवाज म्हणायचा, "थांबा, जोडते." त्या 'थांबा'त अशी काही खात्री असायची की माणूस खरेच थांबायचा.

पुढे यंत्रे बदलली, ऑपरेटर घरी बसल्या. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि फोटोवालाही घरी बसला. आता बोलावणे आले की पिशवी घेऊन घरोघर जायचा: अंथरुणाला खिळलेले, काठीवरचे, ज्यांना जिना उतरवत नाही असे. बाईंच्या लेकीचा फोन आला तेव्हा त्याला ठाऊक नव्हते कुणाकडे जायचे आहे. दाराशी उभा असताना आतून प्रश्न आला, "कोण?" शब्द जड होता, एका कडेने घसरलेला. पण त्याने ओळखले. तो दारातच थांबला, पूर्वी थांबायचा तसा.

त्या दिवशी फ्लॅशने घात केला. फोटोमागून फोटो, आणि प्रत्येकात एक डोळा मिटलेला.

"डावी बाजू रजेवर आहे," बाई म्हणाल्या. "बिनपगारी."

"आई, दोन मिनिटं गप्प बस ना," लेक म्हणाली.

"बोलायचा पगार घेतला मी जन्मभर. गप्प बसायचं काय देतेस, सांग आधी."

लेक हसली नाही. ती दूरच्या देशातून सुट्टी काढून आली होती आणि सुट्टी वितळत चालली होती. "काका, रविवारी मला परत जायचंय. त्याआधी अर्ज गेला पाहिजे. नाही गेला तर पुढची सुट्टी कधी मिळेल देव जाणे. तोवर आई इथं एकटी, दिवसाच्या नर्सच्या भरवशावर."

म्हणून फोटोवाला दुकानात गेला होता.

*

नवा दिवा हाताळून बघायचा तर समोर माणूस हवा. फोटोवाल्याच्या खोलीत माणूस नव्हते. एक खाट होती, एक खुर्ची, एक नळ. नळ रात्रंदिवस टिपटिपायचा आणि त्याने तो मुद्दामच दुरुस्त केला नव्हता.

त्याने बाजारातून भोपळा आणला. खुर्चीच्या पाठीवर आपला सदरा घातला, वर भोपळा ठेवला, भोपळ्याला आपला चष्मा लावला.

"मान सरळ," तो म्हणाला. "हनुवटी जरा खाली."

दिवा उंच धरला तर चष्म्याची सावली गालावर उतरायची. खाली आणला तर नाकाची सावली वर चढायची, भुतासारखी. डोळ्यांच्या रेषेत, एक हात अंतरावर, कापड लावून ठेवला तेव्हा भोपळ्याचे तोंड शांत झाले. मागच्या भिंतीवर मात्र सावली तशीच. मग साबणाच्या वडीएवढा दिवा खुर्चीमागे जमिनीवर ठेवला, भिंतीकडे तोंड करून. सावली पुसली गेली.

सगळे जमले तरी त्याने भोपळा काढला नाही. दुसऱ्या दिवशी चहा घेताना तो खुर्चीसमोर खाटेवर बसला. "साखर जास्त झाली आज," असे त्याच्या तोंडून निघून गेले. मग त्याचे त्यालाच चमत्कारिक वाटले. भोपळा त्याने शेजारच्या बाईला देऊन टाकला, कापायचा धीर होईना म्हणून.

*

"पडदा ओढतो," फोटोवाला म्हणाला. "वरची ट्यूबही बंद करतो."

लेक आतल्या खोलीत ऑफिसशी बोलत होती. तिचा आवाज दारामागून यायचा, परक्या भाषेत, भराभर. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मागे पडद्याच्या दांडीवरून पांढरी चादर सोडलेली.

"मग आता?"

"आता काही नाही. बसायचं."

"अंधारात?"

"उजेड येतोय. सावकाश. तुमच्या डोळ्याला कळू न देता."

त्याने चाक बोटभर फिरवले.

"अगोबाई," बाई म्हणाल्या. "पहाट विकत आणलीत की काय?"

"भाड्यानं नाही मिळाली."

बाई हसल्या, अर्ध्या ओठांनी. दुसरा अर्धा ओठ जागच्या जागी राहिला, हसण्याची वाट बघत बसल्यासारखा.

उजेड वाढवायचा तर वेळ काढायला हवा होता, आणि वेळ काढायचा तर बोलायला हवे होते. डोळ्याला दिव्याची सवय होईपर्यंत मनाला दुसरीकडे न्यायचे. बाईंना ते सांगावे लागले नाही. कानाला यंत्र लावून पोरी कशा रांगेत बसायच्या, कुणाला हसू आवरायचे नाही, कुणाचे लग्न तारेवरच कसे जमले, ते त्या सांगत गेल्या. शब्द सावकाश यायचे, उंबरठ्याला ठेच लागल्यासारखे.

"ऐकायचं नाही, असा नियम होता. जोडायचं आणि बाजूला व्हायचं. पण कानाला कुठं पापणी असते? ऐकू यायचंच. मग रात्रपाळीला आम्ही गाणं रचलं होतं:

तारेवरती पाखरू, पाखराला नाही घर,
साऱ्यांचे बोल ऐकी, त्याची कुणाला खबर."

"चाल होती?"

"होती. आता चालत नाही, लंगडते." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुमच्याकडे कोण कोण?"

"भोपळा होता. परवापर्यंत."

त्याने सारे सांगितले, चष्म्यासकट. बाई इतक्या हसल्या की उजव्या हाताने पोट धरावे लागले. आणि हसताहसता डावा डोळा उघडा राहिला. बोटभर, मग आणखी थोडा.

फोटोवाला चाकावर हात ठेवून पाहत राहिला.

उभ्या आयुष्यात त्याने हजारो तोंडे काढली होती, पण पाहिले एकही नव्हते. फ्लॅशमध्ये तोंड दिसते न दिसते तोच ते गेलेले असते, डोळ्यापुढे नुसता पांढरा ठिपका उरतो. या दिव्यात माणूस आधी दिसतो आणि फोटो मागाहून येतो. बाईंच्या कपाळाच्या वर, केसांत एक बारीक आडवी रेघ होती. कानाच्या यंत्राची पट्टी तिथे वर्षानुवर्षे दाबून बसली असावी. कानाजवळ पांढरे केस, कापसासारखे. डोळ्यांत दोन लहानलहान खिडक्या चमकत होत्या. त्या त्याच्याच दिव्याच्या होत्या, तरी कुणीतरी आत राहत असावे तशा दिसत होत्या.

दिव्याला दुसरेही एक चाक होते, रंगाचे. एका टोकाला दुपारचा पांढरा, दुसऱ्या टोकाला सांजवेळचा पिवळा. त्याने ते थोडे पिवळ्याकडे नेले. बाईंच्या गालावर ऊन उतरले. आणखी थोडे नेले. आजारपण कुठल्या कुठे गेले, वय दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

त्याने खटका दाबला. दोन्ही डोळे उघडे.

लेक आली, फोटो लॅपटॉपवर घेतला, अर्जात चढवला. लगेच परत आला.

"चेहऱ्याचा रंग नैसर्गिक नाही म्हणतंय," ती म्हणाली. वाकून तिने नीट पाहिले. एक गाल पिवळा धमक, आणि ज्या बाजूने पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती त्या बाजूचा कान निळसर. "काका, हे काय?"

"चुकलं माझं," फोटोवाला म्हणाला. फ्लॅश असता तर ही चूक झालीच नसती. फ्लॅशला माया नसते.

"यंत्राचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "या वयात इतकं सोनेरी कोण असतं? मलाच संशय आला असता."

*

तो पुन्हा गेला तेव्हा, पुन्हा सुट्टी मिळायची नाही म्हणून, लेकीने घर आताच अर्धे आवरून टाकले होते. पडदे उतरलेले, दांड्या काढलेल्या, खोके दोरीने बांधलेले. खोलीत दिवस नुसता ओसंडत होता.

"इथं नाही जमणार," फोटोवाला म्हणाला. "बाहेरचा उजेड आणि माझा उजेड यांचं पटत नाही. घरातल्या बोळात घेऊ. तिथं खिडकी नाही."

बोळात खुर्ची कशीबशी मावली. चादर टांगायला काही नव्हते.

"मी धरते," लेक म्हणाली. ती खुर्चीच्या मागे उभी राहिली, दोन्ही हात वर करून चादर ताणली आणि चादरीमागे दिसेनाशी झाली. फक्त बोटे राहिली, वरच्या काठावर, चिमण्यांसारखी.

"परवा रविवार," चादर म्हणाली. "काका, आज झालंच पाहिजे."

"होईल."

होईल म्हणाला खरा. पण रात्रभर त्याच्या मनात एक विचार मांजरासारखा येऊन बसला होता. दार कुणी उघडले नव्हते, तरी आत आला होता. आज नाही झाले तर बाई इथेच राहतील. मग आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणे येईल. पुन्हा पडदा ओढायचा, पुन्हा काजवा, पणती, खिडकी. त्याला काहीच मोठे करायचे नव्हते. मागचा छोटा दिवा जरासा तिरका राहिला की बाईंच्या कानामागे अंगठ्याएवढी सावली पडली असती. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर ती कुणाला दिसली नसती. अर्ज घेणाऱ्या यंत्राला दिसली असती.

खुर्चीमागून बाहेर येताना त्याचा पाय त्या दिव्याला लागला. दिवा सरकला. सरकला की सरकवला, ते त्याचे त्याला ठाऊक.

तो समोर येऊन बसला आणि मोठ्या दिव्याचे चाक शून्यावरून पुढे नेले.

"फोटोवाले," बाई म्हणाल्या, "आज नीट काढा हं."

"जायची घाई झाली?"

"मला कसली घाई? माझं इथं सगळं बरंय. नर्स भांडकुदळ आहे, वेळ चांगला जातो." उजेड त्यांच्या हनुवटीपर्यंत आला होता. "हिला वाटतं, ही मला न्यायला आलीय. माझी काळजी घ्यायला."

चादर स्थिर होती.

"दर रविवारी फोन करते. 'मी मजेत आहे गं आई.' अहो, मजेत असलेलं माणूस 'मजेत' हा शब्द इतका स्वच्छ उच्चारतं का कधी? जन्मभर तेच ऐकलं मी. कुणाचं मजेत खरं, कुणाचं खोटं, पहिल्या अक्षराला कळायचं. आणि बोलणं संपलं तरी ही फोन ठेवत नाही. धरून बसते. मीही धरून बसते. त्या गप्पपणात तिच्या घरातला फ्रीज घरघरतो. नुसता फ्रीज. दुसऱ्या माणसाचं खोकणंसुद्धा नाही."

फोटोवाल्याचा हात चाकावर थांबला.

"तिला घरात कुणीतरी पाहिजे," बाई म्हणाल्या. "अर्धं तर अर्धं. मी दिवसभर बडबडेन, ती 'आई गप्प बस' म्हणेल. तेवढं म्हणायला तरी माणूस लागतंच की नाही?"

मागे चादर हलू लागली. आधी कडेला, मग मध्यावर, तळ्यात खडा पडल्यावर पाणी हलते तशी. वरची बोटे मात्र सुटली नाहीत. ती कापड आणखी घट्ट धरून होती.

बाईंनी मान वळवली नाही. "चादर हलतेय का हो?"

"हलतेय."

"फोटोत दिसेल?"

"नाही दिसणार," तो म्हणाला. "थांबा जरा."

तो उठला. गुडघे जमिनीवर टेकून खुर्चीमागे वाकला. छोट्या दिव्यापाशी लेकीची पावले होती, अनवाणी, टाचा उचललेल्या. त्याने वर पाहिले नाही. दिवा सरळ केला, चादरीच्या मध्यावर आणला, चाक वाढवले. चादर इतकी पांढरी झाली की तिच्यावरच्या साऱ्या सुरकुत्या, सारे हेलकावे त्या पांढऱ्यात बुडून गेले. बाईंच्या कानामागे काही उरले नाही.

मग तो जागेवर आला. रंगाचे चाक त्याने मधोमध ठेवले, ना ऊन ना सांज. बाई जशा होत्या तशा दिसू लागल्या: थकलेल्या, एका बाजूने उतरलेल्या, आणि डोळे सताड उघडे.

"चिऊ," बाई मोठ्याने म्हणाल्या, "हात दुखले तर सांग गं."

"नाही दुखत," चादरीमागून आले. आवाज ओला होता.

त्याने खटका दाबला.

लेक लॅपटॉप घेऊन खोक्यावर बसली. नाक लाल होते. तिने फोटो चढवला. तिघे पडद्याकडे पाहत राहिले. मग हिरवी खूण आली.

"घेतला," लेक म्हणाली. "आई, घेतला!"

"न घेऊन सांगतात कुणाला?" बाई म्हणाल्या आणि उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. लेकीने तो तिथेच धरून ठेवला.

फोटोवाला सामान आवरू लागला. कापड काढले, घडी केली. दिवे विझवताना मात्र त्याने एकदम विझवले नाहीत. चाक मागे नेत नेत बोळ पुन्हा अंधारा केला.

"आता कधी येणार?" बाईंनी विचारले.

"आता काय काम?"

"तेही खरंच. काम नीट झालं की माणूस पुन्हा येत नाही." त्या त्याच्याकडे पाहत होत्या, दोन्ही डोळ्यांनी. "फार छान काढलात हो. बिघडवता आला असता."

दोन्ही हात पिशवीत गुंतलेले असल्यासारखे दाखवत, तो नुसती मान हलवून जिना उतरला.

रस्ता दुपारचा होता, रिकामा. दिवा बराच वेळ पेटता होता, त्यामुळे पिशवीतून त्याची ऊब मांडीला लागत होती, झोपलेल्या लेकराचा श्वास लागावा तशी. एका हाताला ओझे झाले तरी त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली नाही. चौक ओलांडला, बंद दुकाने ओलांडली, आपला जिना चढला.

दाराशी आल्यावर त्याने किल्ली काढली आणि तशीच हातात धरली. ऊब अजून थोडी होती. ती जाईपर्यंत तो बाहेरच उभा राहिला.